न घेतलेले कर्ज कोणी फेडावे?

घेतलेले कर्ज वेळेवर फेडणे हा शेतकऱ्याचा धर्म होय आणि अडचणीच्या वर्षीही तो पाळण्याची त्याची धडपड असते. परंतु जे कर्ज कधी मागितले नाही, ज्याचा एक पैसाही हाती आला नाही, त्याच्या वसुलीची नोटीस दारी आल्यास काय करावे? अब्रूच्या भयाने काहीजण अशी रक्कम मुकाट्याने भरून मोकळे होतात. हा मार्ग सर्वस्वी चुकीचा आहे.

खोट्या कर्जाचे दुखणे महाराष्ट्राला नवे नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला. त्यांचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर होता. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. कर्जरोखा निबंधकासमोर लिहिला जावा, दिलेल्या रकमेची पावती मिळावी आणि न्यायालयाने केवळ कागदावर न विसंबता व्यवहाराचा मुळापासून तपास करावा, ही त्याची प्रमुख तत्त्वे होती. केवळ अंगठा दिसतो म्हणून कर्ज खरे मानू नये, हा त्यातील बोध आजही तितकाच मोलाचा आहे.

आज अंगठ्याची जागा आधार व पॅन क्रमांकांनी आणि मोबाईलवर येणाऱ्या सांकेतिक अंकांनी घेतली आहे. परभणी जिल्ह्यातील गंगाखेड येथे हजारो शेतकऱ्यांच्या नावावर त्यांना नकळत बँकांतून कर्जे उचलल्याच्या आरोपावरून २०१७ मध्ये एका साखर कारखान्याविरुद्ध गुन्हा नोंदविला गेला.

हा प्रकार खेड्यापुरता नाही. एप्रिल २०२२ मध्ये मुंबईचे चित्रपट-अभिनेते राजकुमार राव यांनी आपल्या पॅन क्रमांकावर कोणी परस्पर २,५०० रुपयांचे कर्ज उचलल्याचे व त्यामुळे आपली पत घसरल्याचे जाहीर केले. नामांकित व्यक्तीची ही स्थिती, तर अंधेरी, घाटकोपर, मुलुंड वा बोरिवली येथे भाड्याच्या खोलीत राहून नोकरी करणाऱ्या शेतकरी-पुत्राची काय कथा? खोलीसाठी, नोकरीसाठी, सिमकार्डासाठी तो ओळखपत्रांच्या प्रती ठिकठिकाणी देत असतो. त्याच्या आधारपत्रावर पुष्कळदा गावचाच पत्ता असतो. त्यामुळे नोटीस उपनगरात न जाता गावी वृद्ध आईवडिलांच्या हाती पडू शकते. म्हणूनच हा विषय ग्रामसेवकाच्याही कामाचा आहे.

लहान रक्कम भरून कटकट मिटत नाही. भरणा केला म्हणजे कर्ज मान्य केले, असा अर्थ पुढे काढला जाऊ शकतो. शिवाय पतनोंदीवरील डाग राहिल्यास खऱ्या गरजेच्या वेळी, पंपासाठी वा ट्रॅक्टरसाठी कर्ज मागताना, तोच आडवा येतो. जो येणे सांगतो त्यानेच ते सिद्ध करावे, हे न्यायाचे मूळ तत्त्व आहे. तेव्हा नकार द्यावा, मात्र तो लेखी द्यावा.

प्रथम कर्ज देणाऱ्या संस्थेस पत्र लिहून मूळ अर्ज, छायाचित्र, सही आणि रक्कम ज्या खात्यात जमा झाली त्याचा तपशील मागावा. पत्राची पोच जपून ठेवावी. दुसरे, १९३० या क्रमांकावर व नजीकच्या पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवावी. दुसऱ्याची ओळख कपटाने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-क (सी) खाली गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे. तिसरे, सिबिलसारख्या पतमाहिती कंपनीकडे त्या नोंदीस हरकत घ्यावी. तक्रारीचे निवारण ३० दिवसांत न झाल्यास विलंबाच्या प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम २०२४ पासून लागू आहे. बँकेकडून ३० दिवसांत उत्तर न आल्यास वा ते समाधानकारक नसल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते. कर्ज गावच्या सहकारी सोसायटीचे दाखविले असेल, तर तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे जावे.

रोग होण्यापूर्वीची काळजीही तितकीच अगत्याची आहे. देशातील चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत मिळतो. पेरणीपूर्वी बियाण्याची उगवण तपासावी, तसा हा अहवाल दरसाल तपासावा. ओळखपत्राची प्रत देताना तिच्यावर कारण व तारीख लिहावी. शक्य तेथे केवळ शेवटचे चार अंक दिसणारे आधारपत्र द्यावे. मोबाईलवर आलेले अंक कोणासही सांगू नयेत.

तथापि सारा भार शेतकऱ्यावर टाकणे न्याय्य नव्हे. अर्जदाराचा चेहराही न पाहता घटकाभरात कर्ज देण्याची सोय ज्या संस्थांनी आपल्या व्यापारासाठी निर्माण केली, त्या सोयीतील जोखीमही त्यांनीच सोसली पाहिजे. तक्रार आल्याबरोबर वसुली थांबवणे आणि पुरावा दाखविणे हे त्यांचे कर्तव्य मानले जावे. तोवर गावातील निरक्षर माणसाची तक्रार लिहून देणे व ती योग्य ठिकाणी पोहोचविणे, हे काम कार्यकर्त्यांनी खत-बियाण्यांच्या वाटपाइतकेच महत्त्वाचे समजावे.