उतारूंचे तीर्थ

श्रीगणेश चतुर्थी समीप आली, की नवी मुंबईतील घराघरांतून कोकणची वाट दिसू लागते. वाशी, नेरूळ, बेलापूर येथील चाकरमानी बोचकी बांधतो, मुलांचे हात धरतो आणि पनवेलचे एस.टी. स्थानक गाठतो. परंतु घर ते गाव हा प्रवास एका गाडीचा नसतो. शहराची बस सोडून एस.टी. धरावयाची असते, आणि विघ्न उभे राहते ते नेमके या दोहोंच्या मध्ये.

तीर्थ हा शब्द ‘तॄ’, म्हणजे तरून जाणे, या धातूपासून सिद्ध झाला आहे. तीर्थ म्हणजे मुळात नदी ओलांडण्याची जागा, उतार. आपला ‘उतारू’ हा शब्दही त्याच कुळातला. तेव्हा एक गाडी सोडून दुसरी धरण्याचे ठिकाण हेही एक तीर्थच होय. उतारावर नावाडी नसेल, तर दोन्ही तीरांवरचे राजमार्ग कितीही प्रशस्त असोत, यात्रिक अलीकडेच राहतो.

महापालिकेची परिवहन सेवा येथे १९९६ साली सुरू झाली. २०२५ च्या ऑक्टोबरात ‘मुंबई वन’ अॅपने उपनगरी रेल्वे, मेट्रो, बेस्ट, नवी मुंबईची बस आदी ११ सेवांचे तिकीट एकत्र आणले. हे स्वागतार्हच आहे. मात्र आरंभीच्या त्या अकरांत एस.टी. नव्हती, शिवाय तिकीट जुळले म्हणजे वेळ जुळली, असे नव्हे.

आमचे मागणे मोठे नाही. परतीची एस.टी. रात्री उशिरा आली, तर शहराच्या शेवटच्या बसने दहा मिनिटे वाट पाहावी. मधल्या गाड्या रोखल्यास पुढील थांब्यांवरील लोक ताटकळतात, हे आम्ही जाणतो. पण शेवटच्या बसमागे दुसरी बस नसते. दोन थांब्यांमधली वाट भाद्रपदाच्या पावसातही कोरडी व उजेडाची असावी. फलक ठळक मराठीत असावेत, आणि दोन्ही सेवांची वेळापत्रके ठाऊक असलेला एक मनुष्य तेथे उभा असावा.

भाविकांचेही एक कर्तव्य आहे. आपणांस जागा मिळाली, की मागे राहिलेल्या वृद्धेचे बोचके आपल्या दृष्टीस पडत नाही. तिला हात देऊन वर घेणे, हीच विघ्नहर्त्याची पहिली पूजा. मखर त्यानंतर सजवावे.