सापाला ऊब हवी, पण निवडायला!

दोस्तांनो, थंडीत गोधडीत शिरलं की पाच-दहा मिनिटांत कशी छान ऊब येते, नाही का? ही ऊब गोधडी देते असं तुम्हांला वाटतं? छे! गोधडीत काही चूल पेटलेली नसते. ऊब असते तुमच्याच अंगाची. गोधडी ती फक्त बाहेर जाऊ देत नाही.

आता हीच गोधडी एखाद्या सापाच्या अंगावर टाकली तर? काहीही होणार नाही. गार साप गारच राहील! कारण सापाचं शरीर आपल्यासारखी उष्णता तयार करत नाही. ती त्याला बाहेरून मिळवावी लागते : उन्हातून, तापलेल्या दगडातून, जमिनीतून. म्हणून तर सापाला शीतरक्ती म्हणतात. पण याचा अर्थ त्याचं रक्त नेहमी थंडच असतं, असा नाही बरं का! भोवताल गार तर तो गार, भोवताल गरम तर तो गरम.

आज आपण भेटणार आहोत गार्टर सापाला. हा राहणारा उत्तर अमेरिकेचा. अंगावर लांबच लांब पट्टे असतात. पूर्वी मोजे घसरू नयेत म्हणून पायाला पट्टी बांधत. तिला म्हणायचे गार्टर, त्यावरून हे नाव पडलं. आपल्याकडची नानेटी तुम्ही पाहिली असेल, तर चेहरामोहरा ओळखीचा वाटेल. दोघंही एकाच उपकुळातले, म्हणजे चुलत भावंडंच म्हणा ना! फरक एवढाच, की नानेटी अंडी घालते आणि गार्टरची मादी थेट पिल्लांना जन्म देते.

अमेरिकेत, कॅनडात आणि युरोपातही पुष्कळ मुलं हा साप काचेच्या पेटीत पाळतात. मग प्रश्न येतो, पेटीत ऊब कशी द्यायची?

उत्तर शोधण्याआधी रानातला गार्टर काय करतो, ते पाहू या. रेमंड ह्यूई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या ईगल लेक या तळ्याकाठी गार्टर सापांचा अभ्यास केला. तो १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथले साप रात्री दगडाखाली शिरतात. पण कुठल्याही नाही हं! पातळ दगड दिवसा तव्यासारखा तापतो आणि रात्री गारढोण पडतो. फार जाड दगड तापतच नाही. मधला, साधारण २० ते ४० सेंटिमीटर जाडीचा दगड मात्र दिवसा बेताचा तापतो आणि रात्रभर ऊब धरून ठेवतो. गार्टर नेमका तोच पसंत करतात! त्यांना हवं असतं अंगाचं तापमान २८ ते ३२ अंश सेल्सिअस. थर्मामीटर नाही, शाळा नाही, तरी हिशेब पक्का.

म्हणजे रानातल्या सापाला ऊबही मिळते आणि निवडही करता येते. पेटीतल्या सापाकडे निवड कुठून येणार? ती आपणच द्यायची. सगळी पेटी सारखी तापवायची नाही. एका टोकाला २८ ते ३० अंश आणि दुसऱ्या टोकाला २० ते २२ अंश. दोन्हीकडे लपायला एकेक जागा, नाहीतर बिचारा साप लपण्यासाठी ऊब सोडेल किंवा उबेसाठी लपणं सोडेल. गार पडलेल्या सापाला खाल्लेलं पचत नाही, तो ते उलटून टाकतो. आणि फार तापलेला साप? त्याला पळायला गार कोपरा मिळाला नाही, तर तो काही वेळात मरूही शकतो. गारठा एक वेळ गार्टर सोसतो, बंद पेटीतला उन्हाळा नाही.

आता ऊब देण्याचे उपाय एकेक करून पाहू.

पहिला उपाय हीट मॅट. ही विजेवर तापणारी पातळ चटई पेटीच्या खाली, बाहेरच्या बाजूनं ठेवतात. तळाच्या एक तृतीयांश भागापेक्षा जास्त जागा तिनं व्यापू नये. उरलेला तळ गार राहायला हवा ना!

दुसरा उपाय वरून सोडलेला दिवा. रानात ऊन वरूनच येतं, त्यामुळे सापाला हे ओळखीचं वाटतं. दिवसा दिवा लावायचा, रात्री बंद. घर अगदी गारठलेलं नसेल, तर गार्टरला रात्रीचा गारवा चालतो. दिव्याभोवती जाळी मात्र हवीच, नाहीतर साप थेट त्यालाच वेटोळं घालील.

तिसरा उपाय चिनी मातीचा हीटर. तो दिव्यासारखाच होल्डरमध्ये बसतो, पण उजेड देत नाही, नुसती उष्णता देतो. घर फार थंड असेल, तर तो रात्री कामाला येतो. पण तो इतका तापतो, की प्लॅस्टिकचा होल्डर वितळेल. होल्डरही चिनी मातीचाच लागतो.

चौथी वस्तू म्हणजे विजेवर तापणारा नकली दगड. दिसतो मोठा झकास! पण तो एखाद्याच जागी भलताच तापतो, आणि साप तिथंच बसून राहतो. पोटाची कातडी भाजते तरी उठत नाही. हा दगड घेऊच नये.

आणि सगळ्यांत वाईट उपाय फुकटचा : पेटी खिडकीत उन्हात ठेवणं. काचेतून ऊन आत येतं, उष्णता मात्र आत अडकते. पेटीची भट्टी होते.

मॅट असो की दिवा, सोबत थर्मोस्टॅट हवाच. घरच्या इस्त्रीचा लाल दिवा आपोआप विझतो, पाहिलाय ना? ती त्याचीच करामत. ठरलेलं तापमान आलं, की तो वीज तोडतो. शिवाय दोन्ही टोकांना एकेक थर्मामीटर. हात लावून अंदाज करू नका. आपलं शरीर ३७ अंशांचं, आपल्या हाताला जे कोमट लागतं ते सापाला पुरेसं गरम असतं!

आता एक महत्त्वाची गोष्ट. हे वाचून कुणी नानेटी किंवा धामण पकडायला धावू नका! रानातला साप पकडून घरात ठेवणं आपल्या देशातल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही. आणि पकडायला जाताना ओळख चुकली, तर जिवावर बेतेल. आपला साप आपलं ऊन आपणच निवडतो, त्याला तिथंच राहू द्या. पण परदेशातल्या तुमच्या मामेभावाकडे किंवा आतेबहिणीकडे गार्टर असेल, तर त्याची पेटी दोन्ही टोकांना मोजली का, एवढं जरूर विचारा.

करून पाहा : खोलीचं तापमान दाखवणारे दोन थर्मामीटर घ्या. (ताप मोजायचा नको!) दोघांवर कागदाची सावली करा. एक झाकणाच्या रिकाम्या काचेच्या बरणीत ठेवा, दुसरा बरणीशेजारी. आई-बाबांना सोबत घेऊन हे सगळं दहा मिनिटं उन्हात ठेवा आणि दर दोन मिनिटांनी दोन्ही आकडे वहीत लिहा. बरणीतला आकडा ४५ च्या वर गेला, तर लगेच सावलीत आणा. बरणीत मुंगीसुद्धा ठेवायची नाही हं! का, ते आकडेच तुम्हांला सांगतील.