इंद्रधनुष्य हवे, कवी नको!

“छे हो, गाण्यात राजकारण कशाला?” असे म्हणणारे सद्गृहस्थ भेटले, की मला इ. वाय. हार्बर्ग आठवतो. मित्र त्याला यिप म्हणत. १८९६ साली न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमध्ये, रशियातून आलेल्या गरीब ज्यू कुटुंबात त्याचा जन्म झाला. विजेच्या उपकरणांचा त्याचा धंदा १९२९ च्या मंदीच्या तडाख्यात बुडाला आणि गडी गाणी लिहू लागला! १९३२ साली त्याने एका बेकाराच्या तोंडी गाणे घातले. हा बेकार दया मागत नाही. मी रेल्वे बांधली, लढाईवर गेलो, मग माझा वाटा कुठे, असे विचारतो. यातले राजकारण काढा पाहू! गाणे उरेल का?

१९३९ च्या ‘द विझार्ड ऑफ ऑझ’साठी इंद्रधनुष्यापलीकडचे गाणे लिहिले तेही त्यानेच. चाल हॅरॉल्ड आर्लेनची. स्टुडिओतले शहाणे ते कापून टाकायला निघाले होते. पुढे त्यालाच ऑस्कर मिळाले. बुजगावण्याला मेंदूऐवजी पदवीपत्र आणि सिंहाला धैर्याऐवजी पदक मिळते, तो खट्याळ प्रसंगही हार्बर्गच्याच लेखणीचा.

पण १९५० च्या जूनमध्ये ‘रेड चॅनल्स’ नावाचे चोपडे निघाले. त्यात रेडिओ-टेलिव्हिजनच्या क्षेत्रातली १५१ नावे. ना खटला, ना पुरावा! हार्बर्ग कम्युनिस्ट पक्षाचा सभासद नव्हता, पण आपली समाजवादी मते त्याने कधी लपवली नाहीत. तेवढे पुरले. सिनेमा, रेडिओ, टेलिव्हिजन, तिन्ही दारे सुमारे बारा वर्षे बंद. ब्रॉडवेच्या रंगभूमीने तेवढा आसरा दिला. त्याच वर्षी सीबीएस कंपनीने आपल्या नोकरांकडून निष्ठेची लेखी ग्वाही मागितली. पदवीपत्राची थट्टा करणाऱ्याच्या देशात माणसाची किंमत प्रमाणपत्रावर ठरू लागली!

आणि ३ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री त्याच सीबीएसने ‘विझार्ड ऑफ ऑझ’ घरोघरी दाखवला. १९५९ पासून तर तो दरवर्षीचा सोहळाच झाला. पोरेबाळे पडद्यापुढे बसून हार्बर्गचे शब्द ऐकत होती, आणि नवे शब्द लिहायला त्याच पडद्यावर हार्बर्गला मज्जाव होता. हे म्हणे राजकारण नव्हे, करमणूक!

हे सारे मी आमच्या सद्गृहस्थांना ऐकवले. पानाला चुना लावता लावता ते म्हणाले, “कोण हार्बर्ग? ते गाणे तर जूडी गारलंडचे!”