गॅरंटीनं पहिलं पान!

मागच्या महिन्यात मामाच्या गावी, बोरी अरबला जाऊन आलो. (तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ. ऑफिसात 'अरब' म्हटलं की लोक थेट दुबईला पोचतात!) मामेभावाचं तिथं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. चहा घेता घेता म्हणाला, "दादा, पंधरा हजार भरले बाप्पा, पण वेबसाइटवरून एक फोन नाही आला."

एका एजन्सीनं त्याला 'गॅरंटीनं गूगलच्या पहिल्या पानावर' आणायचं कबूल केलं होतं. मी साइट उघडली आणि कपाळाला हात लावला. नाव, पत्ता, फोन, कामाची यादी, सगळं एकाच चित्रात, चौकातल्या फ्लेक्ससारखं. आणि खाली पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत 'बेस्ट मोटार रिपेअर यवतमाळ', चाळीस वेळा!

मंडळी, माझं स्पष्ट मत आहे: अशी गॅरंटी देणाऱ्याला दारातूनच परत पाठवावं. पहिल्या नंबरची हमी कुणीच देऊ शकत नाही, हे खुद्द गूगल सांगतं. लपवलेली अक्षरं त्यांच्या नियमांत सरळसरळ स्पॅम आहेत. कीवर्ड्सचा मेटा टॅग क्रमवारीसाठी बघतच नाही, हे तर त्यांनी २००९ मध्येच जाहीर केलं. आणि सर्च इंजिनला एक पान, माणसाला दुसरंच, या चलाखीपायी २००६ साली बीएमडब्ल्यूची जर्मन साइट काही दिवस गूगलमधून गायब झाली होती. तिथं आपल्या दुकानाची काय कथा?

चित्रातल्या अक्षरांचं दुखणं आपल्याला नवं नाही. २००० च्या दशकात कित्येक मराठी वर्तमानपत्रांच्या साइट्स स्वतःच्या खास फॉन्टमध्ये असायच्या. डोळ्यांना मराठी, मशीनला निव्वळ गिचमिड. युनिकोड वापरल्यावरच ती पानं मराठीत शोधून सापडू लागली.

मग त्या दुपारी आम्ही दोघं बसलो. त्याला विचारलं, गिऱ्हाईक फोनवर पहिलं काय बोलतं?

"मोटार जळाली, वाइंडिंगले किती घेता, अन् कवा भेटन?"

झालं! हेच तीन मुद्दे पानावर घेतले, साध्या युनिकोड मराठीत. किती एचपीच्या मोटारीला साधारण किती खर्च, किती दिवस. पानाच्या टायटलमध्ये काम आणि गाव. पत्त्यात तालुका, जिल्हा, कारण नुसत्या 'बोरी' नावाची गावं महाराष्ट्रात ढिगानं आहेत. जड चित्रं काढून टाकली, शेतात नेटवर्कची एखादीच काडी असते. गूगल मॅपवर दुकानाची नोंद केली, ती फुकट होते. पंधरा हजारांत यातलं एकही काम झालं नव्हतं.

आता नंबर कितवा येईल? सांगता येत नाही, आणि याला वेळ लागतो हेही भावाला बजावलंय. पण ऐन ओलिताच्या दिवसांत ज्याची मोटार जळाली, तो या पानावर आला तर रिकाम्या हातानं जाणार नाही. माझ्या मते एसईओची सुरुवात इथून व्हावी. टॅग, लिंका वगैरे नंतर.

तुमच्या साइटवर गिऱ्हाईकाचा पहिला प्रश्न कुठं लिहिलाय, एकदा बघा बरं. असो, सोमवार जवळ आला!