वर्ध्याला हिंदी शिकायला येणाऱ्यांनो, चार दिवस जामला या

आमचं जाम म्हणजे मुळात एक चौरस्ता. नागपूरहून दक्षिणेला निघालं की साठ-पासष्ट किलोमीटरवर रस्ता फुटतो. एक जातो हिंगणघाटवरून हैदराबादकडे, दुसरा वरोऱ्यावरून चंद्रपूरकडे. २०१० साली हायवेचा नंबर ७ चा ४४ झाला, पण म्हातारी माणसं अजूनही 'सात नंबर'च म्हणतात. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतचे ट्रक इथे चहाला थांबतात. थांबतात सगळे, राहायला कोणी येत नाही. आणि माझं म्हणणं असं की भाषा शिकणाऱ्या माणसाने राहावं ते अशाच ठिकाणी.

तासाभरावर वर्ध्याला १९९७ मध्ये स्थापन झालेलं महात्मा गांधी अंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय आहे. चीन, थायलंड, श्रीलंका, मॉरिशस, कुठून कुठून मुलं तिथे हिंदी शिकायला येतात. माझा एक भाचा तिथे असताना त्याच्या ओळखीने अशी तीन-चार मुलंमुली सुटीत आमच्या घरी राहून गेली. त्यांना मी जे सांगितलं, आणि जे सांगायचं राहून गेलं, ते इथे लिहून ठेवतोय. पुढच्याला उपयोगी पडेल.

आधी कोरड्या गोष्टी उरकतो. रेल्वेने येणार असाल तर तिकिटावरचं स्टेशन नीट बघा. मुंबई-हावडा मार्गावरच्या गाड्या वर्ध्याला थांबतात, दिल्ली-चेन्नई मार्गावरच्या बहुतेक सेवाग्रामला. दोन्ही स्टेशनं जवळजवळ असली तरी रात्री दोन वाजता ते 'जवळ' फार लांब वाटतं. सहा महिन्यांपेक्षा जास्त मुदतीचा विद्यार्थी व्हिसा असेल तर आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करावी लागते. शिवाय तुम्ही ज्याच्याकडे उतराल त्याला, मग ते लॉज असो की घर, २४ तासांत परदेशी पाहुण्याच्या नोंदीचा फॉर्म (लोकांच्या तोंडी 'सी फॉर्म') भरावा लागतो. हे बऱ्याच घरमालकांना माहीतच नसतं. एका लॉजवाल्याने तर आमच्याकडे येणाऱ्या एका मुलीला 'नसती भानगड नको' म्हणून रात्री नऊ वाजता दारातून परत पाठवलं होतं. तेव्हा निघण्याआधी फोन करून 'सी फॉर्म भरता का?' एवढं विचाराच. आणि हो, वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. विमानतळावर घेतलेली बाटली घेऊन इकडे येऊ नका. (जिल्हा कोरडा आणि गावाचं नाव जाम! हिंदी शिकणारी मुलं यावर हमखास हसतात. आमच्याकडे जाम म्हणजे पेरू, हे कळलं की आणखीनच हसतात.)

उन्हाबद्दल मात्र हसू नका. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला तर इथे त्याची बातमी होत नाही. २५ मेच्या सुमारास नवतपा लागतो. ते नऊ दिवस दुपारी बारा ते पाच रस्ता कुत्र्यांनीसुद्धा सोडलेला असतो. डोक्याला-कानाला दुपट्टा गुंडाळा. पोरींनी गुंडाळला तर फॅशन आणि पोरांनी गुंडाळला तर दरोडेखोर, असं काही इथे नाही, सगळेच गुंडाळतात. एसीची खोली शोधत बसू नका, वाळ्याच्या ताट्यांचा कुलर पुरतो. फक्त जुलैत हवेत दमटपणा आला की तोच कुलर निकामी होतो, मग पंखा आणि सहनशक्ती. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चपलेला किलो-किलोने चिकटतो, पांढरे बूट आणू नका. बूट घालण्याआधी झटकून घ्या, विंचू असतो. विदेशी खात्यावरून दुकानातला क्यूआर कोड चालेलच असं नाही, दहा-वीसच्या नोटा जवळ ठेवा.

एवढं झालं. आता मुद्द्याचं.

वर्ध्याला आल्यावर या मुलांची एक तक्रार असते, आणि ती चुकीची नाही. आम्ही हिंदी शिकायला आलो आणि गाव मराठी बोलतं! एकाने मला सरळ विचारलं, विश्वविद्यालय बनारसला का नाही काढलं? मी त्याला १९३६ मध्ये नेलं. त्या वर्षी वर्ध्यात राष्ट्रभाषा प्रचार समिती निघाली. तिचं काम हिंदी भाषकांना हिंदी शिकवण्याचं नव्हतंच, ज्यांची ती भाषा नाही त्यांना शिकवण्याचं होतं. गांधीजी गुजराती. त्या कामातले काकासाहेब कालेलकर मूळचे साताऱ्याचे मराठी, पण गुजराती असं लिहीत की गांधीजी त्यांना 'सवाई गुजराती' म्हणत. पलीकडे पवनारला विनोबा, ज्यांनी कुराण मुळातून वाचता यावं म्हणून अरबी शिकून घेतली. दुसऱ्याची भाषा शिकणाऱ्यांचा हा जिल्हा आहे. हिंदी इथे पाहुणी म्हणून आली, तुम्हीही पाहुणे म्हणून आलात. बनारसमध्ये तुमची हिंदी अडखळली तर समोरचा हसेल. इथे समोरच्याचीही अडखळतेच.

पण अडचण दुसरीकडे आहे. तुम्हाला इथे जी हिंदी ऐकू येते ती आमची गिऱ्हाइकाशी, ड्रायव्हरशी, साहेबाशी बोलायची हिंदी आहे. नागपूर १९५६ पर्यंत मध्यप्रांताची राजधानी होतं. त्या प्रांतात हिंदी आणि मराठी दोन्ही मुलूख होते, त्यामुळे आम्हाला हिंदीवर उतरायला क्षणही लागत नाही. अनोळखी चेहरा दिसला की बटण दाबल्यासारखी हिंदी सुरू. ढाब्यावर तुम्ही भाजी मागितली की हिंदीत उत्तर मिळेल, आणि तुम्ही तोंड फिरवलं की तोच माणूस आचाऱ्याशी वऱ्हाडीत बोलेल. गंमत, भांडण, काळजी, सगळं त्या दुसऱ्या बोलण्यात असतं. वर्षभर टेकडीवरच्या वसतिगृहात राहून पदविका घेऊन गेलेल्या मुलाला ते एकदाही कळलेलं नसतं.

म्हणून माझा सल्ला: हिंदीसोबत आमची बोली शिका, आणि ती पुण्याच्या पुस्तकातून नको. हिंदी येणाऱ्याला वऱ्हाडी फार लवकर येते. पुस्तक सांगतं, 'तू काय करतो आहेस?' आम्ही म्हणतो, 'काय करून राहिला?' हिंदीतल्या 'कर रहा है'च्या शेजारी ठेवून बघा, साचा तोच. पुस्तकातलं 'का' आमच्याकडे 'काहून', हिंदीच्या 'काहे'चा सख्खा भाऊ. 'मला, तुला'चं 'मले, तुले'. निघताना 'येजो' म्हणतात, ते हिंदीतल्या 'आइयो'ची आठवण करून देतं. (वर्धा नदीच्या पलीकडचे लोक म्हणतील, खरं वऱ्हाड आमचं, तुमची ती नागपुरी. म्हणू द्या.)

खड्डेही आहेत. 'मी इथे शिक्षा घ्यायला आलो,' असं एका थाई मुलाने आमच्या शेजाऱ्यांना सांगितलं, तेव्हा ते काळजीने विचारू लागले, काय केलं पोराने? हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, आमच्यात शिक्षा म्हणजे दंड. हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती, आमच्यात पीएचडी. भाजीबाजारात 'सांबार घ्या' म्हटलं तर इडलीबरोबरचं आठवू नका, ती कोथिंबीर असते. गंज म्हणजे लोखंडावर चढतो तोच नाही, स्वयंपाकाचं भांडंही. आणि ळ. हिंदीच्या वर्गात तो तुम्हाला भेटणारच नाही. तोंडात बसवायचा असेल तर दिवसातून दहा वेळा 'केळं' मागा. केळी स्वस्त आहेत.

आता एक गोष्ट आमच्याच लोकांना. आमच्या ओळखीतले एक निवृत्त गुरुजी या मुलीमुलांसमोर मला नेहमी टोकतात, "अहो, तिला ही गावठी भाषा काय शिकवता? शुद्ध तरी शिकवा." गुरुजींचा मान ठेवून सांगतो, शुद्ध ती वर्गात शिकतेच आहे. त्याला पुस्तकं आहेत, व्याकरण आहे. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्याचे पेढे आपणही खाल्ले. त्या दाव्यामागे लीळाचरित्रही होतं, म्हाइंभटांनी तेराव्या शतकात लिहिलेलं, इथून फार दूर नसलेल्या रिद्धपूरचं. चक्रधरस्वामी लोकांशी लोकांच्याच बोलीत बोलले आणि ते तसंच लिहून ठेवलं गेलं, म्हणून तर आज ते आपल्याला दाखवता येतं. त्या बोलण्याला कोणी तेव्हा गावठी म्हणून पुसलं असतं तर? माझी आई ८४ वर्षांची आहे. तिला हिंदी कळते पण बोलवत नाही. ती श्रीलंकेची मुलगी पहिले दोन दिवस तिच्याशी खुणांनी बोलत होती. आठव्या दिवशी ती आईला 'माय, जेवली का?' म्हणाली, आणि त्या दोघी दुपारभर अंगणात अंबाडी निवडत बसल्या. काय बोलत होत्या विचारलं तर दोघींनीही सांगितलं नाही.

माझी नात नागपूरला इंग्रजी शाळेत आहे. सुटीत येते तेव्हा ती आजीशी, म्हणजे माझ्या आईशी, हिंदीत बोलते. घरात हे कोणाला फारसं खटकत नाही. मला खटकतं, आणि त्यावर उपाय मला माहीत नाही. परदेशातून आलेल्या पोरीने ते आठ दिवसांत केलं एवढंच मी बघितलं.

म्हणून गाववाल्यांनो, अशी मुलं दिसली की लगेच हिंदीवर उडी मारू नका. दोन वाक्यं आपल्या बोलीत बोला, मग तिसरं हवं तर हिंदीत. आणि मुलांनो, तुम्हीही 'हिंदी में बोलिए' म्हणण्याआधी एकदा 'काहून?' म्हणून बघा.

कधी यावं म्हणाल तर पोळ्याला. ऑगस्ट-सप्टेंबरात येतो, ऊन उतरलेलं असतं, कपाशी गुडघ्याच्या वर आलेली असते. बैलांसमोर झडत्या म्हणतात, त्या अर्ध्याही कळणार नाहीत, तरी उभं राहून ऐका. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, लहान पोरं लाकडी बैल घेऊन घरोघर बोजारा मागतात. सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा नावाजलेला आहे, पण आमच्या गल्लीतलाही वाईट नाही. खिशात सुट्टी नाणी ठेवा आणि पोरांनी काही विचारलं तर त्यांच्याच बोलीत उत्तर द्या, चुकलं तर ती ओरडून दुरुस्त करतील. वर्ध्याला येताना बुटीबोरीला वळू नका, नागपूरच्या गणेशपेठ स्टँडवरून हिंगणघाटची गाडी धरा, आणि कंडक्टरला म्हणा, 'जाम द्या एक.'