व्हॅलेंटाइनचा खोका मुलांनाच करू द्या!
अमेरिकेतल्या प्राथमिक शाळांत १४ फेब्रुवारीला मुलं वर्गमित्रांना छोटी कार्डं देतात. ती जमा करायला प्रत्येक जण घरून बुटांचा खोका सजवून नेतो. अनेक शाळांचा नियम असा, की कार्ड द्यायचं तर वर्गातल्या सगळ्यांना. त्यामुळे कुणाचा खोका रिकामा राहत नाही. स्पर्धा उरते ती खोक्यांची, आणि तिथे आईबाबाच कात्री घेऊन बसतात! तिकडच्या मराठी पालकांनो, पुठ्ठा तेवढा कापून द्या. मांजर करायची असेल तर तोंडाची फट रुंद हवी. कार्डाला अनेकदा चॉकलेट चिकटवलेलं असतं. झाकण मात्र डिंकाने बंद करू नका (कार्डं काढणार कशी?). कान वाकडे होऊन मांजरीचं अस्वल झालं, तरी हात लावू नका. पोरगं त्याला मांजरच म्हणेल.