उत्तर ध्रुवाला ‘रेंज’ देणारे उपग्रह

विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरचा भूस्थिर उपग्रह जमिनीवरून एकाच जागी उभा दिसतो. त्यामुळे दूरचित्रवाणीपासून लष्करी संदेशांपर्यंत अनेक सेवांची भिस्त त्याच्यावर असते. मात्र उत्तरेकडे जावे तसा तो क्षितिजाकडे झुकतो आणि साधारण ८१ अंश अक्षांशापलीकडे दिसेनासाच होतो. आर्क्टिकमधील जहाजे आणि विमाने तिथे एकाकी पडतात.

यावर पहिला तोडगा काढला तो सोव्हिएत संघाने. १९६५ मध्ये ‘मोल्निया’, म्हणजे वीज, या नावाचा उपग्रह लांबट लंबवर्तुळाकार कक्षेत गेला. या कक्षेचे एक टोक पृथ्वीपासून काहीशे किलोमीटरवर, तर दुसरे सुमारे ४० हजार किलोमीटरवर. केप्लरच्या नियमानुसार उपग्रह जवळच्या टोकाशी वेगाने निसटतो आणि दूरच्या टोकाशी रेंगाळतो. साहजिकच १२ तासांच्या फेरीतला बहुतेक वेळ तो उत्तर गोलार्धावरच असतो. पृथ्वीच्या विषुववृत्तीय फुगवट्यामुळे हे दूरचे टोक हळूहळू सरकू लागते. पण कक्षेचा कल ६३.४ अंश ठेवला, की ते जागेवर राहते. एक उपग्रह खाली उतरू लागला, की दुसरा त्याची जागा घेतो. मॉस्को-वॉशिंग्टन ‘हॉटलाइन’ १९७८ पासून उपग्रहांवरून चालू लागली, तेव्हा त्यात मोल्नियाही होते.

आज रशियाकडे याच धाटणीचे ‘मेरिडियन’ आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये ‘स्पेस नॉर्वे’चे दोन उपग्रह कॅलिफोर्नियातून ‘फाल्कन ९’ने झेपावले. त्यांची फेरी सुमारे १६ तासांची असल्याने उत्तरेच्या अखंड सेवेसाठी दोनच पुरतात. त्यांवर नॉर्वेच्या सैन्याची, अमेरिकी स्पेस फोर्सची आणि ‘व्हायासॅट’ या खासगी कंपनीची उपकरणे शेजारी शेजारी आहेत.

वितळणारा बर्फ, खुले होणारे सागरी मार्ग आणि फिनलंड व स्वीडनचा ‘नाटो’प्रवेश यांमुळे आर्क्टिकचे महत्त्व वाढले आहे. खर्च वाटून घेणे शहाणपणाचे खरे. पण त्यात जोखीमही वाटली जाते. युद्धात वापरलेले व्यापारी उपग्रह लक्ष्य ठरू शकतात, असा इशारा रशियाने ऑक्टोबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांत दिला होता. मच्छीमार जहाजाचे इंटरनेट आणि सैन्याचा गोपनीय संदेश एकाच उपग्रहावरून जात असतील, तर संघर्षात नागरी आणि लष्करी ही रेघ कुठे ओढायची? दोनपैकी एक जरी निकामी झाला, तरी रोज काही तास दोघेही मुके होतील.